केनियात मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप मिळतेय. दोन पर्याय आहेत, कुठला घेऊ?

शहाद्याची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी शहादा तालुक्यातली. धुळ्याला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. शेवटचं सत्र संपल्यावर आमची ब्लॉक प्लेसमेंट असते, म्हणजे एखाद्या संस्थेत सलग राहून काम शिकायचं. ती परदेशात करायला विभागानं तोंडी होकार दिलाय, फक्त संस्था कुठली ते लेखी मागितलंय. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत आणि दोन्ही केनियातले आहेत.

पहिला पर्याय एका एजन्सीमार्फत आलाय. नैरोबीजवळच्या एका अनाथालयात चार आठवडे राहायचं, मुलांना शिकवायचं, खेळवायचं, लहानग्यांना सांभाळायचं. फी सव्वा लाख, विमानाचं तिकीट वेगळं. राहणं, जेवण, विमानतळावरून ने-आण त्यातच. शेवटी दोन दिवसांची जंगल सफारी आणि प्रमाणपत्र. अर्ज भरला त्याच दिवशी ‘तुमची निवड झाली’ असा मेल आला.

दुसरी संस्था किसुमूजवळची, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूची. तिथलेच लोक ती चालवतात. त्यांच्याकडे मुलांना ठेवायला इमारतच नाही. आईवडील नसलेली किंवा आजारी आईवडिलांची मुलं आजीकडे, मावशीकडे, थोरल्या भावाकडे राहतात आणि संस्था त्या घरांना धरून काम करते. बचत गट, शाळेची फी, गृहभेटी, किशोरींचे गट. किमान तीन महिने यावं लागेल म्हणाले. फी नाही, मानधनही नाही. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. पोलिसांचा दाखला मागितला, दोन शिक्षकांची पत्रं मागितली, आणि सरळ सांगितलं की मुलांसोबत एकटीनं काम करायला मिळणार नाही. गटांच्या नोंदी, साहित्य तयार करणं आणि त्यांच्या कार्यकर्तीबरोबर गृहभेटीला जाणं, एवढंच.

मला मुलांसोबत काम करायचंय, कागदांसोबत नाही. म्हणून मन पहिल्याकडे ओढतंय. पण दुसऱ्या संस्थेबद्दल वाचलं तेव्हा आपले धडगावकडचे पाडे डोळ्यांपुढे आले. मागच्या वर्षी तिथे क्षेत्रकार्य केलं. दिवाळीनंतर आईबाप गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात आणि मागे आजी आणि चार-पाच नातवंडं. पप्पांचा पपईचा मळा आहे, एवढे पैसे उभे करणं सोपं नाही. मम्मी म्हणते, पोरं आपल्याकडे काय कमी आहेत? कृपया मनापासून सांगा.

*

खान्देशी_माय

पोरी, तुना धागा वाचा, माले बरं वाटनं. तुनी माय घाबरस ते बरोबरच शे. मनी अंडेर (लेक) नर्सिंगसाठे दूर गई तवय मी बी अशीच घाबरनी व्हती. तठली जी बाई तुले सांभाळी तिनासंगे तुना मायले फोनवर बोलाड. कोनाकडे ऱ्हाशी, रातले कोठे जाशी, बठ्ठं तिले माहीत पाहिजे. मंग जाय बिनधास.

*

धडगावचा_मास्तर

ताई, मी अक्राणी तालुक्यात आश्रमशाळेत शिकवतो. केनिया मी पाहिलेला नाही. पण घरापासून लांब राहणारी मुलं रोज पाहतो, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे पाहुणे येतात. कुणी वह्या आणतं, कुणी खाऊ. चांगल्या मनानं येतात. पहिलीतली, दुसरीतली मुलं लगेच बिलगतात, मांडीवर येऊन बसतात, हात सोडत नाहीत. पाहुण्यांना वाटतं, किती प्रेमळ लेकरं! मला ते बघून काळजी वाटते. घरी असलेलं पाच-सहा वर्षांचं पोर अनोळखी माणसाला पाहून आधी आईच्या लुगड्यामागे लपतं. दिसेल त्याला बिलगणारं मूल खुशीत असतंच असं नाही. बरेचदा ते माणूस शोधत असतं. पाहुणे गेले की त्या रात्री वसतिगृहात काय होतं ते आमच्या अधीक्षकांना विचारा. कुणी जेवत नाही, कुणी अंथरूण ओलं करतं, कुणी उगाच मारामारी करतं. मोठी मुलं तर हळूहळू पाहुण्यांशी बोलणंच सोडून देतात. ‘सर, ते पुन्हा येणार नाहीत ना?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय.

आता विचार करा. चार आठवडे तुम्ही एका लहानग्याला अंघोळ घालणार, भरवणार, झोपवणार. त्याला सवय लागली की तुम्ही निघणार. तुमच्या जागी दुसरी ताई, तिच्यानंतर तिसरी. वर्षाला अशा किती ताया त्या पोराच्या आयुष्यातून जातील? पहिल्या पर्यायातली हीच गोष्ट मला सर्वात जास्त खटकते, फीपेक्षाही.

‘कागदांसोबत’ म्हणालात त्याबद्दलही सांगतो. आमच्याकडे एका मुलीचं जातीच्या दाखल्याचं काम अडलं होतं. तिचा काका तीनदा तालुक्याला जाऊन हात हलवत परत आला. एका कार्यकर्तीनं बसून सगळे कागद लावून दिले, तेव्हा कुठे मुलीची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या मुलीला ती कार्यकर्ती नीट आठवतही नसेल. पण ती आज बारावीला आहे.

*

पांझराकाठ

मी वेगळं बोलतो, राग मानू नये.

तुझ्या आईचा प्रश्न मला शंभर टक्के पटतो. तिकिटाला जाणारा पैसा बघ, तीन महिने बघ. तेवढ्यात मोलगी भागात किती काम होईल! नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला तो आदिवासी भागाकडे जास्त लक्ष जावं म्हणून. आजही कुपोषणाची बातमी आली की नाव अक्कलकुवा आणि धडगावचंच असतं. तुला इथल्या आदिवासींची पावरी बोली समजते, भिलोरी थोडी कळते, अहिराणी तर घरचीच. तिथे जाऊन तुला साधा नमस्कारही शिकावा लागेल. ज्या मुलाशी बोलता येत नाही त्याचं भलं कसं करणार? शिकायचंच असेल तर इथे शिक, इथल्या लोकांसोबत.

आणि परदेशी जाऊन गरिबांची सेवा करण्याचा जो मान मिळतो तो धडगावला जाणाऱ्या मुलीला मिळत नाही. आपण सगळ्यांनीच हे बदलायला हवं.

*

शहाद्याची_लेक

@खान्देशी_माय, मावशी, मम्मीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. खूप बरं वाटलं तिला.

@धडगावचा_मास्तर, सर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. हे आम्हाला अटॅचमेंटच्या (मुलाला माणसाचा लळा कसा लागतो त्या) धड्यात शिकवलंय, पण जाहिरातीतले फोटो बघताना डोक्यात आलं नाही.

@पांझराकाठ, दादा, राग मुळीच नाही. पण एक सांगते. धडगावकडे मी ज्या आज्यांकडे जायचे, त्यांना काय मदत करता येते याचं उत्तर मला तिथे मिळालं नाही. संस्था शाळेवर काम करते, आशाताई आरोग्यावर, अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवर. मूल सांभाळणाऱ्या म्हातारीचा विचार करणारं कुणी दिसलं नाही. किसुमूच्या बाजूला एचआयव्हीमुळे एक अख्खी पिढी कोलमडली आणि वर्षानुवर्षं आज्यांनी नातवंडं वाढवली. तिथल्या लोकांनी त्यातून काहीतरी पद्धत बसवली असेल. ती बघायची आहे मला. मी तिथे कुणाचं भलं करायला जातेय असं मलाही म्हणायचं नाही.

*

जळगाव_बालहक्क

मी काही वर्षं बालकल्याण समितीवर काम केलं आहे, म्हणजे आधार नसलेलं मूल कुठे राहील हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीवर. थोडं सविस्तर लिहिते, कारण मुलींच्या मनात ‘अनाथालय’ म्हटलं की जे चित्र उभं राहतं ते आता बदलायला हवं.

जगभरातल्या अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबी, आजार, शाळा लांब असणं, दुसरं लग्न या कारणांनी मूल संस्थेत येतं. आपल्या समितीपुढेही हेच दिसायचं. आई म्हणायची, ‘बाई, चार वर्षं ठेवून घ्या, शिकू द्या त्याला.’ त्या आईला दरमहा थोडा आधार मिळाला तर मूल घरीच राहतं. आपल्याकडे बाल संगोपन योजना आहे ती याचसाठी. महिन्याला २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून, महिन्याला ४००० आहेत. कागद अडतात, पैसे उशिरा येतात, हे सगळं खरं. तरी दिशा बरोबर आहे. केनियातही अनाथ आणि असुरक्षित मुलं सांभाळणाऱ्या घरांना थेट रोख मदत द्यायला २००४ साली सुरुवात झाली.

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा १९८९ चा. केनियानं तो १९९० साली मान्य केला, आपण १९९२ साली. २००९ साली संयुक्त राष्ट्रांनी पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्यात स्पष्ट आहे की केवळ गरिबी हे मुलाला घरापासून तोडण्याचं कारण होऊ शकत नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये आमसभेनं जो ठराव केला त्यात तर अनाथालयांमधल्या स्वयंसेवक-पर्यटनाचाच उल्लेख आहे आणि त्यातून मुलांचं शोषण होऊ शकतं, ते रोखा असं सांगितलंय. ऑस्ट्रेलियानं २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करीही त्या चर्चेत घेतली. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर दुर्गम भागातल्या मुलांना ‘शिक्षण देतो’ म्हणून काठमांडूकडे आणण्याचे प्रकार झाले, तेव्हा तिथल्या सरकारला मुलांच्या प्रवासावर निर्बंध घालावे लागले. पाहुणे पैसे देतात, म्हणून मुलं लागतात. हे चक्र असं चालतं.

केनियानंही याची दखल घेतली आहे. २०१७ साली तिथे नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली. २०२२ साली नवा बाल कायदा आला आणि २०२२ ते २०३२ असं दहा वर्षांचं धोरण ठरलं. त्यात मुलांना टप्प्याटप्प्यानं संस्थांमधून कुटुंबांत न्यायचंय. म्हणजे एजन्सी तुला जिथे पाठवतेय त्याच्या उलट दिशेला तो देश निघालाय.

संशोधनाचं म्हणशील तर रुमानियातला अभ्यास वाच. २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झाला. संस्थेत वाढणारी १३६ बाळं. त्यांतली निम्मी पालककुटुंबांत दिली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, नाती जोडण्याची ताकद सुधारली, आणि जितक्या लहान वयात गेली तितकी जास्त. ग्रंथालयात सहज मिळेल.

आता तुझ्या कामाचं. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचार : तुमच्याकडच्या किती मुलांचे पालक हयात आहेत आणि मूल घरी परत जावं म्हणून तुम्ही काय करता? उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडे जाऊ नकोस. नोंदणी कुठल्या सरकारी खात्याकडे आहे, त्या भागातल्या बाल अधिकाऱ्यांना तुझं येणं माहीत असेल का, मुलांच्या सुरक्षेचं लेखी धोरण आहे का, एखाद्या मुलानं तुला काही भयंकर सांगितलं तर तू कुणाकडे जायचंस, हेही विचार. आपल्याकडे पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, माहिती लपवणं गुन्हा आहे. तिथली पद्धत तुला आधीच ठाऊक हवी. फोटोंबद्दलही बोलून घे. आपल्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. परदेशात गेलं म्हणून मुलाची इभ्रत कमी होत नाही.

एका गोष्टीकडे तू स्वतःच बोट दाखवलंयस. किसुमूच्या लोकांनी तुझी चौकशी केली, पोलिसांचा दाखला मागितला. एजन्सीनं त्याच दिवशी निवड केली. जी संस्था तुला न तपासता मुलांमध्ये सोडते, ती उद्या कुणालाही सोडेल.

*

चाळीसगावकर

बालहक्कताईंचं सगळं मान्य. तरीही मनात एक प्रश्न राहतो. ती मुलं आज, आत्ता तिथे आहेत. धोरण दहा वर्षांनी पूर्ण होईल. तोवर त्यांच्याकडे कुणी जाऊच नये का? महिनाभर का होईना, कुणी प्रेमानं गोष्ट सांगितली तर ते काहीच नसण्यापेक्षा बरं नाही का? खरंच विचारतोय.

*

धडगावचा_मास्तर

चाळीसगावकर, प्रश्न प्रामाणिक आहे.

जायला हवं, पण मुलांच्या मांडीवरच्या जागेसाठी नको. आमच्या वसतिगृहात मुलांना सांभाळणाऱ्या कामाठी मावशी कित्येक वर्षं आहेत. त्यांना मुलांची नावं, आजार, कुणाचा बाप दारू पितो, कुणाला अंधाराची भीती वाटते, सगळं माहीत. त्या मावशींचा पगार वेळेवर व्हावा, त्यांना चार दिवस रजा मिळावी, दुखणंखुपणं बघायला कुणी असावं, यासाठी येणारा माणूस मला हवाय. सव्वा लाखात तिथल्या दोन मावश्यांचा बराच काळ पगार निघेल असा माझा अंदाज आहे. गोष्ट सांगायला त्याच मावशीला वेळ मिळू द्या. ती उद्याही तिथेच असणार आहे.

*

भुसावळ_ते_नैरोबी

उशिरा आलो. जन्म भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला, आता बरीच वर्षं नोकरीनिमित्त नैरोबीत. किसुमूला कामासाठी जाणं-येणं असतं.

आधी एक आवडती गोष्ट. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ साली किसुमूच्या काठाला पोचली. ती बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. त्यातले कितीतरी परतलेच नाहीत. किसुमूत आजही गुजराती, पंजाबी दुकानदार आहेत, मंदिर आहे, गुरुद्वारा आहे. एकटी पडशील असं मम्मीला वाटायला नको.

गाव म्हणशील तर तुझ्यासारखीला ओळखीचं वाटेल. विषुववृत्ताच्या अगदी जवळ असूनही आपल्या मे महिन्यासारखी भाजणारी हवा नाही. नैरोबी मात्र उंचावर आहे, जून ते ऑगस्ट तिथे स्वेटर लागतो, हे कुणी सांगत नाही. जेवणात मक्याच्या पिठाचा उगाली आणि सुकुमा नावाची पालेभाजी. सरोवराकाठी ओमेना नावाची बारीक मासोळी. बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल, तिच्यावर हेल्मेट नसेल तर बसू नकोस. रात्री तर नकोच. पैसे मोबाईलवर एम-पेसानं देतात, २००७ पासून. भाजीवालीही तसेच घेते.

बायकांचे बचतीचे गट असतात, ‘चामा’ म्हणतात. दर आठवड्याला जमतात, पैसे टाकतात, एकीला उचलून देतात, कुणाच्या घरी मयत झालं तर त्यातून मदत करतात. आपल्या बचत गटात वाढलेल्या मुलीला त्या बैठकीत बसल्याबरोबर कळेल काय चाललंय ते. भाषेचं पांझराकाठ यांनी बरोबर लिहिलंय. किसुमूकडे लुओ लोक आहेत, घरात धोलुओ बोलतात, बाजारात स्वाहिली, शाळेत इंग्रजी. म्हाताऱ्या माणसांशी बोलायला कार्यकर्ती सोबत लागणारच. म्हणूनच तुला एकटीला पाठवत नाहीत. उगाच अविश्वास दाखवत नाहीयेत ते.

शाळांचं वर्ष तिथे जानेवारीत सुरू होतं. तीन सत्रं असतात. एप्रिल, ऑगस्ट आणि वर्षाच्या शेवटी सुट्ट्या. मे ते जुलै गेलीस तर मुलं शाळेत असतील आणि गृहभेटीत आजी निवांत भेटेल. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, मातीच्या वाटा आपल्या काळ्या रानासारख्या चिकटतात.

एक कळकळीचं. टुरिस्ट म्हणून येऊन काम करू नकोस. २०२४ पासून व्हिसाऐवजी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, पण ती फिरण्यासाठीची. इंटर्नसाठी वेगळा पास असतो. तो कुठला आणि कोण काढणार हे संस्थेकडून लेखी घे. एजन्सीवाले बहुतेक वेळा हा विषय टाळतात आणि अडचणीत सापडतो तो विद्यार्थी.

*

सिस्टर_अमळनेर

तब्येतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. केनियाहून परत येताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतंच. नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. ही लस सगळीकडे मिळत नाही, ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मुंबईत सोय आहे, तारीख आधी घ्यावी लागते.

सरोवराच्या पट्ट्यात वर्षभर मलेरिया असतो आणि तो आपल्याकडच्या साध्या मलेरियापेक्षा घातक. क्लोरोक्विनच्या गोळ्या तिथे उपयोगाच्या नाहीत. डॉक्टरांना देशाचं नाव सांगून प्रतिबंधक गोळी लिहून घे, आणि परतल्यावरही ती सांगतील तितके दिवस घे. मच्छरदाणी सोडू नकोस. परत आल्यावर ताप आला तर दवाखान्यात पाय ठेवताच ‘मी केनियातून आले’ असं सांग.

आणि बाळा, मनाचीही काळजी घे. वाईट गोष्टी ऐकशील. आठवड्यातून एकदा तुझ्या मार्गदर्शक मॅडमशी बोलायचं ठरवून जा.

*

शहाद्याची_लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन्हीकडे प्रश्न पाठवले होते, उत्तरं आली.

एजन्सीला विचारलं की किती मुलांचे पालक हयात आहेत. उत्तर आलं, ‘ही माहिती गोपनीय आहे, तुम्ही काळजी करू नका, मुलं तुमची वाट पाहत आहेत.’ पोलिसांचा दाखला लागत नाही म्हणाले. पासबद्दल, ‘सगळे टुरिस्ट म्हणूनच येतात.’ नोंदणीच्या प्रश्नाला उत्तरच नाही.

किसुमूहून दोन दिवस उशिरा उत्तर आलं, पण काय उत्तर! मुलांच्या सुरक्षेचं धोरण पाठवलं, त्यावर सही करूनच यायचंय. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, माझ्या नंबरवर कुठल्याही मुलाला फोन करू द्यायचा नाही, कुणाला एकटीनं भेटवस्तू द्यायची नाही. मुलानं काही सांगितलं तर आधी कुणाला कळवायचं, तिथली हेल्पलाइन ११६, सगळं लिहिलेलं. माझ्यासोबत एक ज्येष्ठ कार्यकर्ती असेल, तिच्याच शेजारच्या घरी राहायचं. मम्मी तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलली. मम्मी अहिराणीत, त्या बाई इंग्रजीत, मी मधे. मम्मीनं विचारलं, ‘तुमले कितल्या लेकी?’ त्यांनी आपल्या तीन मुली आणि सांभाळलेल्या दोन पुतण्या दाखवल्या. त्यानंतर मम्मीचा सूर बदलला.

त्यांनीही मला प्रश्न विचारले. तुमच्या राज्यात मूल नातेवाइकाकडे असेल तर सरकारी पैसे कुणाच्या नावावर येतात? आजी लिहू-वाचू शकत नसेल तर अर्ज कोण भरतं? आजी वारली तर पुढे काय? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे आजी जिवंत असतानाच गटात बसून ठरवतात की तिच्यानंतर मूल कोणाकडे जाईल, आणि ते गावातल्या जाणत्यांसमोर बोललं जातं. हे ऐकल्यावर माझं ठरलं. पावऱ्यांच्या पाड्यावर पंचांसमोर असं काही होतं का, हे मी वर्षभर तिथे जाऊनही विचारलं नव्हतं.

किसुमूला जाणार. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मॅडमनी लेखी परवानगीचा अर्ज पुढे पाठवलाय. राहण्याचा खर्च पप्पा बघतील. तिकिटाचं अजून जुळवतेय. पोलिसांच्या दाखल्यासाठी काय करायचं ते कुणी सांगेल का?

*

जळगाव_बालहक्क

पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ‘पीसीसी’चा, म्हणजे पोलिसांच्या दाखल्याचा, अर्ज भर. पोस्ट ऑफिसमधल्या पासपोर्ट केंद्रातही घेतात. पुढे तुमच्या पोलीस ठाण्यातून चौकशी होते. आधार आणि पासपोर्टवरचा पत्ता वेगळा असेल तर वेळ जातो, म्हणून आजच बघ.

‘आजी वारली तर पुढे काय’ हा प्रश्न वहीत लिहून ठेव. समितीपुढे मूल यायचं तेव्हा हे आधीच ठरलेलं क्वचितच असायचं. तिथे हे बोलणं कसं होतं, कोण सुरुवात करतं, मूल तिथे हजर असतं का, मुलाला विचारतात का, एवढं जरी बारकाईनं बघून आलीस तरी मला ते हवंय. तुझ्या प्रकल्प अहवालाचा विषयही हाच घे.

*

पांझराकाठ

लेकी, माझं मत अजूनही आहे की इथे माणसं कमी पडतात. पण तू लिहिलेले प्रश्न वाचले आणि हे काम इथल्यासाठीही आहे हे पटलं.

आमचा धुळ्यात मित्रांचा छोटा गट आहे, शिक्षणासाठी बिनव्याजी पैसे देतो. तिकिटाचे आम्ही देऊ. नोकरी लागल्यावर सवडीनं फेड. एक अट आहे. जाण्याआधी तुझ्या त्या पाड्यावरच्या ज्या मुलांचे वडील वारलेत त्यांचे बाल संगोपनचे अर्ज भरून टाक. मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक खातं, जे अडेल ते मला सांग, तहसीलपर्यंत मी गाडी घेऊन येतो.

*

शहाद्याची_लेक

दादा, अट मंजूर. पाड्यावर अशी काही घरं मला माहीत आहेत. मास्तर, दाखल्यांसाठी तुमच्या त्या कार्यकर्तीताईंची मदत मिळेल का?

*

धडगावचा_मास्तर

मिळेल. बाजाराच्या दिवशी त्या धडगावात असतात. होळीच्या सुमारास या. होळीला ऊसतोडीला गेलेली माणसं पाड्यावर परततात, तेव्हा सह्या आणि अंगठे एका फेरीत होतील. नंतर पुन्हा पांगतात.

*

सिस्टर_अमळनेर

लसीची तारीख एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातली घे. मेमध्ये सुट्टीची गर्दी असते. मूळ पासपोर्ट सोबत ने, झेरॉक्स चालत नाही.

*

भुसावळ_ते_नैरोबी

तिकीट काढशील तेव्हा सकाळी नैरोबीला उतरणारं विमान बघ. मुंबईहून थेट सहा तासांच्या आसपास लागतात. मी आणि घरचे विमानतळावर घ्यायला येऊ, एक रात्र आमच्याकडे राहा, भरीत-भाकरी मिळेल. दुसऱ्या दिवशी उजेडात किसुमूला जा, रात्रीची बस घेऊ नकोस. स्वाहिलीचे रोजचे शब्द मी बोलून रेकॉर्ड करून पाठवतो, धोलुओचे आमच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून घेतो. मम्मीचा नंबर मला निरोपातून पाठव, माझी बायको तिच्याशी बोलेल.